एक पाटा वाढवण्याआधी

जुन्या पिकअपचा सौदा पक्का झाला की निलंग्यात पुढचं वाक्य ठरलेलं असतं : "मागं एकेक पाटा वाढवून घ्या मामा, अन् टायर जरा मोठे टाका." सांगणारा गाडी विकणारा असो, टपरीवरचा ड्रायव्हर असो की पाट्याच्या दुकानातला कारागीर असो, सल्ला तोच. घेणाऱ्यालाही तो लगेच पटतो, कारण दीड टनाच्या गाडीत दोन टन नेता येतील हे त्याचं गणित मनात आधीच झालेलं असतं. माझं म्हणणं जरा उलटं आहे. जुन्या गाडीला वाढीव ताकद देण्याआधी तिची मूळची ताकद तिला परत द्या. ती आली की बहुतेकांना वाढीव पाट्याची गरज उरत नाही. ज्यांना उरते, त्यांनी कामाच्या मानानं छोटी गाडी घेतलेली असते.

अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियात पिकअप उंच करणं, तिला रुंद टायर चढवणं ही मोठी हौस आहे. आपल्याकडेही २०१६ मध्ये इसुझू व्ही-क्रॉस आणि २०२२ मध्ये टोयोटा हायलक्स आली, तेव्हापासून पांढऱ्या नंबरपाटीचे हौशी पिकअप शहरांत दिसू लागले. निलंगा, कासार सिरसी, औराद शहाजानी, मदनसुरी या पट्ट्यातली पिकअप मात्र पिवळ्या पाटीची, पोटापाण्याची. १९८८ च्या टाटामोबाईलनंतर आलेली २०७, महिंद्राची बोलेरो पिकअप, २००५ चा टाटा एस म्हणजे आपला छोटा हत्ती, २०११ चा अशोक लेलँड दोस्त, अलीकडचे योद्धा आणि इंट्रा. जुन्या बाजारात निवड साधारण एवढ्यांतच फिरते, आणि आपल्याकडे सगळ्यात जास्त मागणी बोलेरो पिकअपलाच. कारण साधं आहे. तिचं काम करणारा मिस्त्री प्रत्येक मोठ्या गावात सापडतो.

गाडी निवडताना वजन क्विंटलमध्ये मोजावं. बोलेरो पिकअप १.३, १.५ आणि १.७ टनाच्या प्रकारांत येते, म्हणजे सोयाबीनचे तेरा, पंधरा आणि सतरा क्विंटल. पहिल्या छोट्या हत्तीची क्षमता पाऊण टन, म्हणजे साडेसात क्विंटल. सोयाबीन आणि तूर पोत्यांत गच्च बसतात, हलत नाहीत. पाण्याचं तसं नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्या उन्हाळ्यात गल्लोगल्ली पिकअपवर टाक्या चढल्या होत्या. दोन हजार लिटरची भरलेली टाकी म्हणजे टाकीचं स्वतःचं वजन सोडून दोन टन. अर्धी भरली तर पाणी वळणावर एका अंगाला धावतं आणि गाडीला सोबत ओढतं. हाळी-हंडरगुळीच्या बाजारातून जनावरं आणतानाही हेच होतं. वजन उभं असतं, उंचावर असतं, आणि ते पाय हलवतं. अशा मालाला जाड पाट्यापेक्षा चांगले शॉकअप जास्त उपयोगी पडतात. हे मात्र कोणी सांगत नाही.

आता कागद. इथं थोडं थांबायला हवं, कारण इंजिन बिघडलं तर दुरुस्त होतं, पण अडकलेली कागदपत्रं सोडवायला वर्षं जातात. आपल्या भागात बाँडवर नोटरी करून गाडी दिली-घेतली जाते आणि आरसीवर नाव जुन्याचंच राहतं. तशीच ती तिसऱ्याला, चौथ्याला जाते. मोटार वाहन कायद्यात नोटरीनं मालकी बदलत नाही. फॉर्म २९ आणि ३० भरून आरटीओत नाव बदललं तरच बदलते. राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर विकणाऱ्यानं चौदा दिवसांत आणि घेणाऱ्यानं तीस दिवसांत कळवायचं असतं. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये नवीन कुमार खटल्यात स्पष्ट केलं की अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी आरसीवर ज्याचं नाव आहे त्याची. गाडी त्यानं कधीच विकली असली तरीही. म्हणून नाव बदलण्याची घाई खरं तर विकणाऱ्याला असायला हवी. ती त्याला नसेल तर त्या गाडीत काहीतरी गोम आहे, असं मी समजतो.

आरसीवर फायनान्सचा बोजा आहे का, ते पाहावं. असेल तर कंपनीचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत. हप्ते थकल्यानं फायनान्सवाल्यांनी ओढून नेलेल्या गाड्या लिलावात स्वस्त मिळतात, पण महिनोन्महिने उघड्यावर उभ्या राहून त्यांचे टायर आणि रबरी बुश वाळलेले असतात. तो खर्च किमतीत धरावा. शिवाय आपण सीमेवर बसलेले. औरादच्या पुढं कर्नाटक, त्यापुढं तेलंगण. बिदरची, भालकीची गाडी पाच-दहा हजारांनी कमी दरात पडली तरी फॉर्म २८ ची एनओसी, महाराष्ट्राचा कर आणि नवीन नंबर या फेऱ्यात तो फायदा आटून जातो. जुन्या ई-चलनांचा ढीग, संपलेलं फिटनेस, थकलेला कर हे सगळं परिवहनच्या ॲपवर गाडी नंबर टाकून कळतं. माल वाहणाऱ्या गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी फिटनेस घ्यावं लागतं. आठ वर्षांनंतर महाराष्ट्रात पर्यावरण करही लागतो. सात वर्षांची गाडी स्वस्त वाटते त्यामागं हे एक कारण असतं.

एक गोष्ट परवान्याची. एकूण भारित वजन तीन हजार किलोपेक्षा जास्त नसलेल्या मालगाडीला परमिटची गरज नाही. म्हणून छोट्या पिकअपच्या आरसीवर हा आकडा बरोबर तीन हजाराच्या आत ठेवलेला दिसतो. १.७ टनाची गाडी ती रेषा ओलांडते. आणि साध्या हलक्या वाहनाच्या लायसन्सवर साडेसात हजार किलोपर्यंतची मालगाडी चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं नोव्हेंबर २०२४ मध्ये पक्कं केलं.

गाडी पाहायला सकाळी जावं आणि इंजिन थंड असताना आपल्यासमोर पहिल्यांदा सुरू करायला सांगावं. बोनेटवर हात ठेवून ते गरम लागलं तर विकणाऱ्यानं ती आधीच सुरू करून ठेवली आहे. चालू इंजिनावर ऑइलचं झाकण काढून धूर किती येतो ते पाहावं. सायलेन्सरमधून निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. पण खरी तपासणी खाली वाकून करायची. केबिनच्या मागं आणि मागच्या पाट्यांच्या हँगरजवळ चासीवर वेल्डिंगचा ठिपका किंवा नवीन रंगाचा पट्टा दिसला तर ती गाडी कधीतरी वजनानं मोडलेली आहे. हौद्याचा पत्रा नवा कोरा असेल तर खालून पाहावं, वरून नव्हे.

मग टायर वाचावेत. फक्त मध्ये झिजलेला टायर म्हणजे हवा जास्त. दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी किंवा ओझं जास्त. एकच कड झिजली तर अलाइनमेंट बिघडलेलं किंवा पुढचा किंगपिन, टायरॉड ढिला. आणि टायरवर जागोजागी खळगे पडलेले असतील तर शॉकअप केव्हाच संपलेले आहेत. विकणारा काही सांगो, हा टायर गेल्या वर्षभराचा इतिहास सांगतो. शेवटी एक टेप घेऊन पुढच्या आणि मागच्या चाकाच्या मधलं अंतर दोन्ही बाजूंनी मोजावं. फरक बोटभर निघाला तर पाट्याचा सेंटर बोल्ट तुटून ॲक्सल सरकला आहे, किंवा चासी वाकली आहे. अशी गाडी सरळ रस्त्यावर खेकड्यासारखी तिरकी चालते आणि टायर खाते.

पाट्यांचा मूळ प्रश्न आता घेऊ. पाट्याचा कडकपणा दोन गोष्टींनी वाढतो, पाट्यांच्या संख्येनं आणि जाडीनं. संख्येचा हिशेब सरळ आहे. पाच सारख्या पाट्यांत सहावा घातला तर कडकपणा साधारण वीस टक्के वाढतो. जाडीचा हिशेब घनाचा आहे. आठ मिलिमीटरऐवजी नऊ मिलिमीटरचा पाटा घातला तर तोच पाटा चाळीस टक्क्यांहून जास्त कडक होतो. त्यामुळं "थोडा जाड टाकलाय" हे वाक्य ऐकायला निरुपद्रवी असलं तरी गाडीला ते निरुपद्रवी नसतं. रिकामी पिकअप मग खड्ड्यावर उडते, चाक रस्ता सोडतं आणि पावसात मागचा भाग घसरतो. आपली पिकअप येताना भरलेली असली तरी जाताना बहुतेकदा रिकामीच असते.

त्यातून वाढीव पाट्यानं फक्त पाटे वाढतात. ॲक्सल, हबचे बेअरिंग, चासी, क्लच आणि ब्रेक तेवढेच राहतात. बहुतेक पिकअपमध्ये मागच्या ॲक्सलला दांड्यानं जोडलेला एक वॉल्व्ह असतो. हौदा किती खाली बसला आहे यावरून तो मागच्या ब्रेकला किती दाब द्यायचा ते ठरवतो. गाडी रिकामी असेल तर मागचं चाक लॉक होऊ नये म्हणून दाब कमी, भरली असेल तर जास्त. जादा पाट्यानं हौदा वर उचलला गेला की भरलेली गाडीही त्या वॉल्व्हला रिकामी वाटते आणि मागचा ब्रेक कमी लागतो. पाटे बदलून झाले की हा दांडा पुन्हा नीट बसवून घ्यावा लागतो. दुकानात पाट्याच्या कामाची यादी करताना तो कोणाच्या डोक्यात नसतो.

म्हणून पहिल्या महिन्यात खर्च कुठं करावा? सपाट झालेले पाटे सपाट जमिनीवर रिकामी गाडी उभी करून ओळखता येतात. दोन्ही बाजूंना चाकाच्या मध्यापासून हौद्याच्या कडेपर्यंतचं अंतर मोजायचं. एक बाजू बसलेली असेल तर दोन्ही बाजूंचे पाटे जोडीनंच बदलावेत. लोहाराकडून भट्टीत लाल करून कमान देण्याची जुनी पद्धत स्वस्त पडते, पण पाट्याचं पोलाद तेलात थंड करून आणि पुन्हा ठरावीक तापमानाला तापवून त्याला लवचिकता दिलेली असते. नुसत्या भट्टीनं ती निघून जाते. असा पाटा काही आठवड्यांत परत बसतो किंवा चिरतो. नवीन पाट्यांसोबत रबरी बुश, शॅकल आणि यू-बोल्टही नवीनच हवेत. एकदा ताणलेला यू-बोल्ट पुन्हा तोच घट्टपणा धरत नाही. आणि काही शे किलोमीटर भार घेऊन चालल्यावर सगळे यू-बोल्ट परत आवळून घ्यायचे. हे काम दहा मिनिटांचं आहे आणि जवळजवळ कोणीच करत नाही. त्यानंतर चारही शॉकअप. एवढं झाल्यावर गाडी चालवून पाहावी. तरीही नेहमीच्या ओझ्याला मागून बसते असं वाटलं तर हेल्पर पाटा हा पर्याय आहे. तो वर थोडं अंतर ठेवून बसवलेला असतो, रिकाम्या गाडीत कामाला लागत नाही आणि भार आल्यावरच टेकतो.

टायरमध्ये सगळ्यात मोठी फसगत साइझवरून होते. बोलेरो जीप आणि १.३ टनाची बोलेरो पिकअप, दोन्हींना २१५/७५ आर १५ टायर दिसतो. त्यामुळं जीपवरून काढलेले अर्धवट वापरलेले टायर पिकअपला चढवले जातात. टायरच्या अंगावर साइझनंतर भाराचा आकडा असतो. १०० म्हणजे एका टायरला ८०० किलो. भरलेल्या तीन टनांच्या पिकअपमध्ये दोन-तृतीयांश वजन मागं आलं तर एका मागच्या टायरवर एक हजार किलो पडतात. जीपच्या टायरला ते झेपणार नाही, आणि लातूर-जहिराबाद महामार्गावर एप्रिलच्या दुपारी तो फुटला तर चालकाला काही करता येत नाही. पिकअपच्या टायरवर "एलटी" ही अक्षरं आणि पुरेसा भाराचा आकडा हवाच.

मोठा टायर टाकायचा मोह असेल तर हिशेब करून पाहा. २१५/७५ आर १५ चा व्यास साधारण ७०३ मिलिमीटर, २३५/७५ आर १५ चा ७३३. चार टक्क्यांहून थोडं जास्त. स्पीडोमीटर साठ दाखवतो तेव्हा गाडी साडेबासष्टच्या आसपास असते आणि चढावर ओढ त्याच प्रमाणात कमी होते. कंपनीच्या तपशिलाशी न जुळणारा बदल कायद्याच्या कलम ५२ मध्ये बसत नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये हे ठासून सांगितलं आहे. फिटनेसच्या वेळी किंवा विम्याच्या दाव्यात तो मुद्दा निघू शकतो.

तारीखही पाहावी. टायरच्या कडेला चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नवीन दिसणारा पण पाच-सहा वर्षांचा टायर आपल्या उन्हात कडक झालेला असतो. नक्षीबाबत : शेतरस्त्यावर जाणाऱ्यानं मागं खोल लगाचे आणि पुढं उभ्या रेषांचे टायर घ्यावेत, म्हणजे काळ्या मातीत ओढही राहील आणि डांबरावर स्टीअरिंगही हलकं राहील. पावसाळ्यात आपली काळी माती ओली झाली की कोणत्याही नक्षीत अडकते आणि मग सगळेच टायर गुळगुळीत होतात. तेव्हा हवा थोडी कमी करून बाहेर निघता येतं, पण डांबरावर आल्याबरोबर ती भरावीच लागते.

आणि वेळ अमावस्या, म्हणजे आपली येळवस. डिसेंबर-जानेवारीत येळवसीला सगळं घर पिकअपच्या हौद्यात बसून शेताला निघतं, भज्जी-आंबिलाचे डबे घेऊन. मालगाडीत फुकट बसलेल्या प्रवाशांची भरपाई विमा कंपनीवर येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २००२ मध्ये आशा राणी खटल्यात ठरवलं आहे. ती आरसीवरच्या मालकाकडून वसूल होते. आणि जादा पाट्याच्या भरवशावर जादा माल भरला तर ओव्हरलोडचा दंड २०१९ च्या दुरुस्तीनुसार वीस हजार आणि वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार. एवढ्यात नवीन पाट्यांचा संच, चार शॉकअप आणि बुशचा खर्च बहुतेक निघतो.