हिवाळी लग्नासाठी फुलांची निवड

तुळशीचे लग्न लागून मुहूर्तांना आरंभ झाला म्हणजे नांदेड-लातूरकडील यजमानांनी मोगऱ्याचा आग्रह धरू नये. कारण मोगरा उन्हाळ्याचा, थंडीत त्याच्या कळ्या विरळ होतात आणि दर मात्र बेसुमार चढतो. या दिवसांची खरी मानकरी शेवंती. रात्र लांबू लागली म्हणजेच जिला कळी धरते अशी ही वनस्पती असल्यामुळे हार, तोरण आणि मंडपाची कमान यांचा मुख्य भार तिच्यावर व झेंडूवर निर्धास्त सोपवावा. सुगंधाची उणीव गुलछडीने आणि, मिळाल्यास, कुंदाने भरून निघते. थंडीत फुलणाऱ्या या शुभ्र फुलाचा आपल्या वेण्यांना पडलेला विसर मला फार खेदाचा वाटतो.

शेवंती पारखताना फूल उलटे धरावे: देठालगतच्या पाकळ्या ताठ असतील तर माल ताजा, तपकिरी व लिबलिबीत असतील तर शिळा. आदल्या सायंकाळी आणलेले हार ओलसर सुती फडक्यात गुंडाळून केळीच्या पानावर ठेवावेत. पाणी शिंपडून प्लास्टिकच्या पिशवीत कोंडल्यास पाकळ्या काळवंडतात. बालाघाटाच्या पठारावर, सुमारे 600 मीटर उंचीवरील लातुरात पहाटेचा गारठा हे काम निम्मे करतो; गोदाकाठच्या नांदेडात मात्र दुपारचा मुहूर्त असल्यास वरमाला सावलीत ठेवण्याची तजवीज हवीच.

मुंडावळ्या व वरमाला यांचा बयाना माळ्याकडे आठवडाभर आधी द्यावा, आणि लांबी व रंग कागदावर लिहून द्यावेत.