कोणते नायगाव?

पश्चिम रेल्वेवर भाईंदर आणि वसई रोड या स्थानकांच्या मध्ये, वसईच्या खाडीलगत असलेले नायगाव पालघर जिल्ह्यात मोडते. परंतु हे नाव एवढ्याच एका ठिकाणाचे नाही. सावित्रीबाई फुले यांचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी ज्या नायगावात झाला ते सातारा जिल्ह्यात आहे, नांदेड जिल्ह्यात नायगाव हा तालुकाच आहे, मुंबईत दादरजवळ बीडीडी चाळींचे नायगाव आहे आणि बीड जिल्ह्यातले नायगाव मोरांच्या अभयारण्यासाठी ओळखले जाते. यांपैकी कोणत्या नायगावाविषयी बोलणे चालले आहे हे माणसाला बोलण्याच्या ओघातून कळते, संगणकाला मात्र पाचही ठिकाणी तीच अक्षरे त्याच क्रमाने दिसतात. साठवलेल्या असंख्य मजकुरांतून वाचकाला हवा तो मजकूर काढून देण्याच्या शास्त्राला माहिती-पुनर्प्राप्ती म्हणतात, आणि त्यातले कितीतरी अवघड प्रश्न या एका गावाच्या नावात एकवटलेले आहेत.

शोधयंत्र प्रत्येक प्रश्नासाठी सगळे मजकूर नव्याने वाचत नाही. ग्रंथाच्या शेवटी शब्दसूची असते त्याप्रमाणे कोणता शब्द कोणत्या मजकुरात आला आहे याची सूची ते आधीच करून ठेवते आणि प्रश्न आला की त्या सूचीत पाहते. कोणत्या शब्दाला किती वजन द्यायचे याचे सूत्र ब्रिटिश संशोधक कॅरेन स्पार्क जोन्स यांनी १९७२ मध्ये मांडले: जो शब्द थोड्याच मजकुरांत आढळतो तो अधिक मोलाचा. त्यामुळे राज्यभराच्या वृत्तपत्रात ‘वसई’ हा शब्द बातमी नेमकी हेरून देतो, पण केवळ वसई परिसराला वाहिलेल्या पत्रात तो जवळजवळ प्रत्येक बातमीत असल्यामुळे तिथे त्याचा शोधाला फारसा उपयोग होत नाही.

मराठीची खरी अडचण याच्याही आधी, सूची करतानाच सुरू होते, कारण मराठी शब्द विभक्तिप्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय लागण्यापूर्वी आपले सामान्यरूप घेतो. नायगावच्या मिठागरांची माहिती हवी असलेल्या वाचकाने ‘मीठ’ असे लिहिले, तर ‘मिठाचा’ हा शब्द असलेली बातमी यंत्राला सापडत नाही, कारण दीर्घ ईकार ऱ्हस्व झालेला असतो आणि यंत्राच्या लेखी ती दोन वेगळी चिन्हे आहेत. ‘पूल’ आणि ‘पुलावर’ यांचेही तेच. शेवटचे प्रत्यय छाटून सर्व रूपे एका मुळाशी आणण्याची रीत आहे, पण ती आंधळेपणाने वापरली तर ‘पुलावर’मधला ‘वर’ गेल्यावर उरलेल्या ‘पुला’तला ‘ला’ही प्रत्यय समजून छाटला जातो आणि हाती नुसता ‘पु’ राहतो. ‘वसईत’मधला ‘त’ काढणारा नियम ‘भात’ या शब्दाचा ‘भा’ करून टाकतो. मराठी व्याकरणातले सामान्यरूपाचे प्रकरण शाळेत अनेकांना नीरस वाटते, परंतु संगणकाच्या युगात त्याचे मोल कमी झालेले नाही, उलट वाढले आहे.

हे मोल मोजताही आले आहे. भारतीय भाषांतील शोधाची कसोटी घेण्यासाठी २००८ मध्ये ‘फायर’ हा उपक्रम सुरू झाला, ज्याच्या मराठी संग्रहात ‘महाराष्ट्र टाइम्स’ आणि ‘सकाळ’ या वृत्तपत्रांतील सुमारे ९९ हजार मजकूर होते. ठरावीक प्रश्न घ्यायचे, कोणता मजकूर त्या प्रश्नाला लागू पडतो हे माणसांनी वाचून ठरवायचे आणि यंत्राची उत्तरे त्या निवाड्याशी ताडून पाहायची, अशी ही पद्धत आहे. स्वित्झर्लंडमधील ल्यिल्याना डोलामिक आणि जाक साव्हुआ यांनी या संग्रहावर केलेल्या प्रयोगांत, प्रत्यय अधिक कठोरपणे छाटल्यामुळे मुळीच न छाटण्याच्या तुलनेत शोधाची अचूकता हिंदीत सुमारे २८, बंगालीत सुमारे १८ आणि मराठीत तब्बल ४२ टक्क्यांनी वाढली. तिन्ही भाषांत सर्वाधिक लाभ मराठीला झाला, यात नवल नाही.

याच प्रयोगांत शब्दाची पहिली चार चिन्हे तेवढी ठेवण्याची सोपी युक्तीही जवळजवळ तितकीच प्रभावी ठरली. काना-मात्रा स्वतंत्र चिन्हे धरल्या, तर नायगावचे ‘नायग’ होते आणि नायगावला, नायगावहून, नायगावातल्या ही सगळी रूपे एकत्र येतात. मात्र ‘नायगारा’ धबधब्याचेही ‘नायग’च होते, आणि ‘पूल’ व ‘पुलावर’ यांची गाठ या युक्तीनेही पडत नाही.

रूपे जुळली तरी काळाचा प्रश्न उरतो. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी अस्तित्वात आला, त्यामुळे त्यापूर्वीच्या कागदपत्रांत हेच नायगाव ठाणे जिल्ह्यात आहे. वसईला इंग्रजी कागदपत्रांत ‘बसीन’ म्हटले आहे, आणि म्यानमारमधील एका शहराचेही पूर्वीचे इंग्रजी नाव तेच होते. म्हणून अक्षरांऐवजी अर्थावरून शोध घेण्याचे प्रयत्न झाले. आयआयटी मुंबईने बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या सहकार्याने शेतकऱ्यांच्या प्रश्नोत्तरांसाठी ‘आक्वा’ ही सेवा चालवली, तर त्याच संस्थेतील संशोधकांनी २००४ मध्ये मांडलेल्या ‘अ‍ॅग्रोएक्स्प्लोरर’ या शोधयंत्रात प्रश्न आणि मजकूर दोन्ही आधी भाषानिरपेक्ष अर्थरूपात आणले जात, म्हणजे मराठीत विचारलेल्या प्रश्नाला इंग्रजी मजकुरातूनही उत्तर मिळावे.

आता या शोधावर बुद्धिमान एजंटांची उभारणी होत आहे. एजंट म्हणजे दिलेले काम पायरी-पायरीने स्वतः ठरवून पार पाडणारी संगणकीय आज्ञावली. मुखत्यारपत्र दिलेला माणूस जसा मालकाच्या वतीने व्यवहार करतो, तसे तिचे स्थान असते. १९९५ मध्ये अमेरिकेतील एमआयटीत हेन्री लीबरमन यांनी तयार केलेला ‘लेटिझिया’ हा एजंट वाचक काय वाचतो याकडे लक्ष ठेवून पुढची पाने आधीच धुंडाळत असे, पण त्यांतले कोणते उघडायचे हे वाचकच ठरवी. आजचा एजंट प्रश्न स्वतः रचतो, सापडलेले मजकूर स्वतः वाचतो आणि वाचकापुढे केवळ निष्कर्ष ठेवतो. शोधयंत्राने दहा दुवे दाखवले तर त्यांतला नांदेडचा दुवा वाचक सहज ओळखून बाजूला सारतो. एजंटाने मात्र नांदेडच्या नायगावाचा पावसाचा अंदाज पाहून वसईच्या मिठागरातल्या माणसाला मीठ झाकण्याची गरज नाही असे सांगितले, तर चूक नेमकी कुठे झाली हे त्याला कळायला जागाच राहत नाही. म्हणून एजंटाने आपला आधार दाखवणे आणि शंका असेल तिथे थांबून विचारणे ही त्याची शोभा नसून गरज आहे, आणि मराठी एजंटांच्या कसोट्या रचताना निव्वळ बरोबर उत्तरांबरोबरच, ‘कोणते नायगाव?’ असा उलट प्रश्न त्याने योग्य वेळी विचारला की नाही, याचेही गुण धरले पाहिजेत.