लूप अँटेना: लांबीपेक्षा जुळणी महत्त्वाची

अँटेना जितका लांब, तितके ऐकू येणे स्पष्ट, असा सर्वसाधारण समज आहे. हौशी रेडिओच्या १३६ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात तरंगलांबी सुमारे २२०० मीटर भरते. तेवढी तार गच्चीवर मावणार नाही. नुसते ऐकायचे असेल तर तिची गरजही नाही.

ट्यून केलेला लूप म्हणजे लाकडी चौकटीवर गुंडाळलेले तारेचे वेढे आणि त्यांच्या दोन टोकांना जोडलेला कपॅसिटर (विद्युतभार साठवणारा भाग). वेढ्यांचे इंडक्टन्स (प्रवाहातील बदलाला होणारा विरोध) १ मिलिहेन्री असेल, तर कपॅसिटर सुमारे १३५० पिकोफॅरडवर आणावा लागतो. मग अनुनाद (ठरावीक वारंवारितेलाच मिळणारा जोरदार प्रतिसाद) साधतो. झोपाळ्याला त्याच्या लयीत हलके धक्के दिले की झोका चढत जातो, तसेच हे.

लांब तार संदेशाबरोबर दूरच्या विजांची आणि घरातल्या चार्जरची खरखरही गोळा करते. त्यामुळे आवाज वाढतो, स्पष्टता वाढेलच असे नाही. लूपची सपाट बाजू खरखरीच्या उगमाकडे केली, की ती बरीच दबते. ट्रान्झिस्टर फिरवून स्टेशन स्वच्छ करण्यामागे हेच तत्त्व असते. म्हणून चौकट बांधताना ती फिरवता येईल अशीच बांधावी.