एक्सप्लेनर : डोळ्यात टाकलेला थेंब जातो कुठे? सोयाबीन काढणीच्या दिवसांत हे वाचाच

गोरेगाव (जि. हिंगोली) : सेनगाव तालुक्यातील गोरेगाव परिसरात सोयाबीनची मळणी सुरू झाली की भुसा, काडी डोळ्यात जाणे नवे नाही. डोळ्यावर पाणी मारायचे, फारच लाल झाला तर मेडिकलमधून ड्रॉप आणायचा. बऱ्याचदा तेवढ्यावर भागते. पण काडीने बुबुळाला ओरखडा पडून त्यात बुरशी शिरली, तर नजर जाऊ शकते. यावर औषध आहे. अडचण आहे ती ते आत पोहोचवण्याची.

थेंब टिकतो किती?

बाटलीतून पडणारा थेंब साधारण ३० ते ५० मायक्रोलिटरचा असतो. डोळ्यात अश्रू धरून जागा मात्र जेमतेम ३० मायक्रोलिटरची. जास्तीचे औषध गालावर ओघळते, काही अश्रुनलिकेतून नाकात उतरते. थेंब टाकल्यावर घशात कडवट लागते ते यामुळेच. उरलेले अश्रूंबरोबर काही मिनिटांत धुऊन जाते. डोळ्याच्या आत सहसा ५ टक्क्यांहूनही कमी औषध पोहोचते.

बुबुळ औषध का अडवते?

बुबुळाचा बाहेरचा थर तेलकट, तर मधला पाणीदार. पाण्यात विरघळणारे औषध पहिल्या थरात अडते, तेलात विरघळणारे दुसऱ्यात. बुरशीवरचे नाटामायसिन पाण्यात नीट विरघळत नाही. त्यामुळे ते खोलवर जात नाही आणि बाटली हलवूनच वापरावे लागते. तरीही अरविंद नेत्र रुग्णालयांत झालेल्या, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ते व्होरिकोनाझोलपेक्षा सरस ठरले.

डॉक्टर सुरुवातीला दर तासाला थेंब टाकायला सांगतात, त्यामागे हेच गणित आहे. लाली उतरली म्हणून मध्येच औषध थांबवले, तर खोलवर राहिलेली बुरशी पुन्हा वाढू शकते.

खरा धोका कुठे?

मनाने आणलेल्या ड्रॉपमध्ये स्टेरॉइड असेल, तर लाली आणि दुखणे कमी होते, पण आत बुरशीला मोकळे रान मिळते. बरे वाटते आणि तेवढ्यात उपचाराचे मोलाचे दिवस निघून जातात.

थेंब कसा टाकावा?

• हात धुवा. खालची पापणी हलकेच ओढून एकच थेंब टाका. दुसरा वायाच जातो.
• डोळा अलगद मिटून नाकाजवळचा कोपरा दोन मिनिटे दाबून धरा. बुबुळावर दाब नको.
• दोन वेगळ्या औषधांत किमान ५ मिनिटांचे अंतर ठेवा.
• बाटलीचे टोक डोळ्याला लावू नका. उघडलेली बाटली साधारण महिनाभरानंतर वापरू नका.

डॉक्टरांकडे कधी जावे?

काडी लागल्यानंतर दुखत असेल, अंधुक दिसत असेल किंवा बुबुळावर पांढरा ठिपका आला असेल, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठा, त्यासाठी हिंगोलीला जावे लागले तरी. जखम भरली तरी बुबुळावर पडलेले फूल थेंबाने जात नाही. मळणी यंत्राजवळ साधा गॉगल लावला, तर ही वेळ सहसा येत नाही.