अवतरणचिन्हांचे कुंपण

पुढील वाक्य एकदा वाचा : सुमन म्हणाली कुसुम आजारी आहे.

आजारी कोण? तुम्ही म्हणाल, कुसुम. आता त्याच शब्दांत थोडी चिन्हे घालू या.

“सुमन”, म्हणाली कुसुम, “आजारी आहे.”

शब्द तेच, त्यांचा क्रमही तोच. पण आजार मात्र कुसुमकडून सुमनकडे गेला! कोणते शब्द बोलणाऱ्याचे आणि कोणते सांगणाऱ्याचे, हे अवतरणचिन्हे ठरवतात. ही चिन्हे मराठीत पूर्वापार नव्हती. मोडी लिहिताना आधी ओळभर शिरोरेघ ओढत आणि तिला अक्षरे लटकवत. दोन शब्दांत जागा नाही, विरामचिन्ह नाही. मराठीत विरामचिन्हे रुळवण्याचे श्रेय एकोणिसाव्या शतकातील मेजर थॉमस कँडी यांना देतात. मोल्सवर्थ यांच्या १८३१ च्या मराठी-इंग्रजी कोशाच्या कामातही त्यांचा हात होता. मोडी वाचणारा कारकून संदर्भावरून शब्द तोडून घेई. संगणकाला असा संदर्भ कळत नाही. त्याला नियम सांगावा लागतो, आणि नियम अपुरा असला तर तो बिनदिक्कत चूक करतो.

याचा अनुभव आम्हाला आमच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत आला. नाशिकला पावसाळ्यात गोदावरीला पूर आला की लोक रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीकडे पाहतात. पाणी त्याच्या कमरेला लागले की छातीला, यावरून पुराचा अंदाज करतात. आमच्या दोन विद्यार्थिनींनी ठरवले की, ही पातळी यंत्राने मोजायची. यंत्र सोपे होते. वरून पाण्याकडे ध्वनीची सूक्ष्म स्पंदने सोडायची, ती परावर्तित होऊन यायला लागलेला वेळ मोजायचा, त्याला ध्वनीच्या वेगाने गुणून दोनाने भागायचे, की पाण्यापर्यंतचे अंतर मिळते. अंतर ठरावीक मर्यादेपेक्षा कमी झाले की यंत्राने मोबाइलवर संदेश पाठवायचा.

मर्यादा किती, संदेश कोणता, तो कुठे पाठवायचा, या गोष्टी आज्ञावलीत न लिहिता एका वेगळ्या फाइलीत लिहितात. तिला कॉन्फिग फाइल म्हणतात. मूल्य बदलायचे तर आज्ञावलीला हात लावावा लागत नाही, हा तिचा फायदा. मुलींच्या फाइलीत अशा ओळी होत्या :

संदेश: धोका # २, घाट सोडा
कोड: ०२५३

बादलीत नळ सोडून चाचणी घेतली. पाणी चढले, मोबाइल वाजला आणि पडद्यावर एकच शब्द उमटला : धोका. “घाट सोडा” हे शब्द गायब! आणि कोडच्या जागी ०२५३ ऐवजी १७१ हा आकडा आला होता.

यंत्र बिघडले नव्हते. मुलींनी फाइल ‘यॅमल’ या लोकप्रिय पद्धतीने लिहिली होती. त्या पद्धतीत मोकळ्या जागेनंतर # हे चिन्ह आले, की तेथून ओळीच्या शेवटापर्यंतचा मजकूर ही माणसासाठी लिहिलेली टीप समजायची, संगणकाने ती सोडून द्यायची, असा नियम आहे. मुलींना # म्हणजे ‘क्रमांक’ अभिप्रेत होते. संगणकाने टीप समजून नेमके महत्त्वाचे शब्द टाकून दिले.

आता १७१ चे कोडे. ०२५३ हा नाशिकचा एसटीडी कोड. यॅमलच्या १.१ या आवृत्तीत शून्याने सुरू होणारी संख्या अष्टमान पद्धतीतली मानतात. त्या पद्धतीत स्थानांच्या किमती १, ८, ६४ अशा वाढतात. म्हणून २×६४ + ५×८ + ३ = १२८ + ४० + ३ = १७१. त्याच आवृत्तीत १२:३० ही वेळ साठमान पद्धतीने ७५० होते, आणि नॉर्वे देशाची ‘एनओ’ ही आद्याक्षरे ‘नाही’ या अर्थाने वाचली जातात. २००९ च्या १.२ आवृत्तीत हे नियम बदलले. पण जुन्या नियमांनी चालणाऱ्या आज्ञावल्या अजून वापरात आहेत.

याचा फटका संशोधनालाही बसला आहे. मानवी जनुकांपैकी काहींची नावे ‘मार्च१’, ‘सेप्ट२’ अशी होती. एक्सेलच्या तक्त्यात ती लिहिली की त्यांच्या तारखा होत. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, जनुकांच्या याद्या एक्सेलमध्ये जोडलेल्या शोधनिबंधांपैकी सुमारे एक पंचमांश निबंधांत अशा चुका सापडल्या. शेवटी २०२० मध्ये नामकरण समितीने जनुकांची नावेच बदलल्याचे जाहीर केले!

आमच्या फाइलीवर उपाय सोपा होता. मूल्याला अवतरणचिन्हांचे कुंपण घालायचे :

संदेश: "धोका # २, घाट सोडा"
कोड: "०२५३"

कुंपणाच्या आतले # हे साधे चिन्ह, आणि आतले ०२५३ हा मजकूर, संख्या नव्हे. चाचणी यशस्वी झाली.

पुढे मुलींनी अशी फाइल वाचणारी छोटी आज्ञावली स्वतःच लिहायला घेतली, तेव्हा खरी गंमत कळली. पहिल्या प्रयत्नात त्यांनी आधी # पासूनचा भाग कापला आणि मग अवतरणचिन्हे काढली. उरले : "धोका. कुंपण पाहण्याआधीच कुऱ्हाड चालवली! दुसऱ्या प्रयत्नात त्यांनी मूल्याच्या टोकांना असलेली सगळी अवतरणचिन्हे सरसकट पुसली. मग रेखांश ७३° ४७' यातले मिनिटाचे चिन्हही पुसले गेले.

योग्य रीत अशी की, ओळ एकेक अक्षर वाचत जायचे आणि ‘मी कुंपणाबाहेर आहे की आत?’ हे सतत लक्षात ठेवायचे. त्याचे नियम असे :

१. मूल्याचे पहिलेच अक्षर अवतरणचिन्ह असेल तरच आत शिरा. ते एकेरी की दुहेरी, हे ध्यानात ठेवा.
२. आत असताना # सह सर्व अक्षरे जशीच्या तशी घ्या. तशाच जातीचे चिन्ह पुन्हा भेटले की कुंपण संपले.
३. आतच अवतरणचिन्ह लिहायचे असेल तर खूण हवी. काही पद्धतींत त्याआधी उलटी तिरकी रेघ देतात, काहींत तेच चिन्ह लागोपाठ दोनदा लिहितात. आपली पद्धत कोणती, ते आधी ठरवा.
४. कुंपण संपल्यावर फक्त मोकळी जागा किंवा टीप चालेल. दुसरे काही आले, किंवा कुंपण न मिटता ओळ संपली, तर अंदाज करू नका. ओळीचा क्रमांक सांगून थांबा.

चौथा नियम सर्वांत महत्त्वाचा. थांबलेले यंत्र आपल्याला दिसते. चुकीचा अर्थ लावून चालू राहिलेले यंत्र दिसत नाही. आमच्याकडे बादली होती म्हणून निभावले. घाटावर माणसे असती तर?

एक सावधगिरी आणखी. लेख टंकताना उमटणारी वळणदार अवतरणचिन्हे आणि कळफलकावरचे सरळ चिन्ह आपल्याला सारखीच वाटतात. पण युनिकोडमध्ये सरळ चिन्हाचा क्रमांक ३४, तर वळणदार जोडीचे क्रमांक ८२२० व ८२२१. छापील लेखातून उतरवलेले कुंपण संगणकाला कुंपण वाटत नाही, ते यामुळेच.

करून पाहा : मुंबईचा कोड ०२२, पुण्याचा ०२० आणि बंगळुरूचा ०८०. अष्टमान पद्धतीने वाचल्यास पहिल्या दोहोंचे काय होईल? आणि तिसरा तसा का वाचता येणार नाही? या पद्धतीत कोणते अंक असतात ते आठवा, म्हणजे उत्तर सापडेल.