जुन्या कॅसेटचा आवाज दबका येतोय? आधी हे करा
आजोबांचा आवाज असलेली कॅसेट सापडली, पण आवाज दबका येतोय? अनेकदा दोष कॅसेटचा नसून प्लेअरच्या हेडवर साचलेल्या मळाचा असतो. टेप सेकंदाला फक्त ४.७६ सेंटिमीटर वेगाने हेडला घासत सरकते. मध्ये मळाचा पातळ थर आला, तरी बारीक, तीव्र स्वर आधी हरवतात.

प्लेअर बंद करा. कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन हेड पुसा आणि पूर्ण वाळू द्या.

टेपवर पांढरी बुरशी दिसली, तर कॅसेट वाजवू नका; ती प्लेअरमधून इतर कॅसेटनाही लागते.

चुकून रेकॉर्डिंग सुरू झालं, तर जुना आवाज कायमचा पुसला जातो. म्हणून टेप उघडी दिसते त्याच्या विरुद्ध कडेचे दोन छोटे प्लॅस्टिकचे तुकडे आधीच तोडा.

आवाज नीट आला, की लगेच डिजिटल कॉपी करून ठेवा.