घरंगळणाऱ्या छऱ्यांची परीक्षा

चहाचा एक रिकामा कागदी पेला घ्या, फरशीवर आडवा ठेवा आणि हलकेच ढकला. तो सरळ जाणार नाही. अरुंद बाजूकडे वळत वळत तो गोल फेरी मारील आणि जवळजवळ निघाला त्याच जागी परत येईल. आता एक पेन्सिल ढकलून पाहा. ती मात्र सरळ जाते. पेन्सिलीची जाडी दोन्ही टोकांना सारखी आहे, पेल्याची नाही. एवढ्याशा फरकावर आज आपण एक उपकरण बांधणार आहोत. मिलिमीटरच्या पन्नासाव्या हिश्शाएवढा फरक ते नुसत्या डोळ्यांना दाखवते, आणि खर्च म्हणाल तर एका काचपट्टीचा!

हे उपकरण मला सुचले ते एका विद्यार्थ्यामुळे. आमच्या येवल्यातला हा मुलगा, वडील पैठणीच्या मागावर बसणारे. त्याची १० मीटर एअर रायफलच्या जिल्हा स्पर्धेसाठी निवड झाली होती. एके दिवशी छऱ्यांची डबी घेऊन तो प्रयोगशाळेत आला. म्हणाला, "सर, निवडक मापाचे छर्रे फार महाग पडतात. या साध्या डबीतले चांगले तेवढे वेचून काढता येतील का?" मी म्हटले, "बाजार समितीत कांद्यातून गोल्टी वेगळी काढतात, तसेच ना?" तो हसला, पण लगेच माझ्या लक्षात आले, की काम तितके सोपे नाही. कांद्याचा लहानमोठेपणा डोळ्यांना दिसतो, छऱ्याचा दिसत नाही.

त्या मुलाची काळजी रास्त होती. १० मीटर एअर रायफलच्या लक्ष्यावर दहा गुणांचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर रुंद असतो. गुण दशांशात मोजतात, आणि दशांशाची प्रत्येक पायरी असते पाव मिलिमीटरची. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये अभिनव बिंद्रा आणि युक्रेनचा सेऱ्ही कुलिश यांचे गुण सारखे झाले. बरोबरी फोडण्यासाठी दोघांनी एकेक गोळी झाडली. कुलिशला १०.५ मिळाले, बिंद्राला १०.०. अर्धा गुण म्हणजे सव्वा मिलिमीटर. तेवढ्यावरून बिंद्रा चौथा राहिला. २०२२ साली कैरो येथे याच प्रकारात जगज्जेता ठरलेला ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील आपल्याला ठाऊक आहेच. या खेळात स्थिर हात आणि शांत मन यांना पहिला मान. पण छर्राही इमानी हवा.

आता छऱ्याकडे नीट पाहू. हा गोल मण्यासारखा नसतो. त्याला पुढे डोके असते, मध्ये बारीक कंबर आणि मागे परकरासारखा पोकळ घेर. हवेचा दाब आला की हा पातळ घेर फुगून नळीला घट्ट बसतो, त्यामुळे हवा बाजूने निसटत नाही. शिवाय मागचा घेर हवेचा विरोध जास्त घेतो, म्हणून बॅडमिंटनच्या फुलाप्रमाणे छऱ्याचे डोके पुढेच राहते. डोक्याचा व्यास सुमारे ४.५ मि.मी., घेर त्याहून किंचित मोठा. डोके आणि घेर यांच्या कडांवर टेकून छर्रा आडवा घरंगळला, तर तो आपल्या कागदी पेल्याचा धाकटा भाऊच! भूमितीत या आकाराला शंकुछेद म्हणतात.

शंकुछेद किती मोठ्या वर्तुळात फिरेल? पेल्याच्या दोन्ही तिरक्या कडा कागदावर काढून अरुंद बाजूकडे वाढवा. त्या जिथे मिळतात तो बिंदू म्हणजे वर्तुळाचा मध्य. समरूप त्रिकोणांवरून सूत्र निघते: त्रिज्या = (तिरकी लांबी × मोठा व्यास) ÷ (मोठा व्यास − लहान व्यास). पेल्याचे व्यास ७ आणि ५ से.मी. आणि तिरकी लांबी ८ से.मी. असेल, तर त्रिज्या ८ × ७ ÷ २, म्हणजे २८ से.मी.

हेच छऱ्याला लावू. डोके ४.५० मि.मी., घेर ४.८० मि.मी. आणि दोन कडांमधले अंतर ५ मि.मी. धरले, तर त्रिज्या ८० मि.मी. येते. आता घेर फक्त ०.०२ मि.मी.ने वाढवा. त्रिज्या होते सुमारे ७५.३ मि.मी. डोळ्यांना न दिसणारा फरक वाटेच्या वळणात जवळजवळ ५ मि.मी. होऊन उभा राहिला! असे का झाले? सूत्रात भागाकार दोन व्यासांच्या वजाबाकीने होतो. वजाबाकी लहान असली, की तिच्यातला थोडासा बदलही भागाकारात मोठा होऊन दिसतो.

घरंगळवून निवडण्याची ही कल्पना जुनी आहे. इंग्लंडमधील ब्रिस्टल येथील विल्यम वॉट्स याने १७८२ साली वितळलेले शिसे उंचावरून थेंबाथेंबाने पाडून गोल छर्रे करण्याच्या रीतीचे पेटंट घेतले. पुढे अशा कारखान्यांत छर्रे उतरत्या पाटावरून सोडीत. गोल असतील ते सरळ धावत, वेडेवाकडे असतील ते बाजूला भरकटत.

आता उपकरण करू या. काचवाल्याकडून २० से.मी. लांब आणि ६ से.मी. रुंद काचपट्टी कापून आणा. कडा घासून बोथट करून घ्या. पट्टी लाकडी फळीवर आडवी ठेवा आणि मागच्या लांब कडेखाली ४ मि.मी. जाडीचा पुठ्ठा सरकवा. उतार सुमारे चार अंशांचा होईल. पुढच्या कडेशी मखमलीची किंवा फ्लॅनेलची पट्टी अंथरा, म्हणजे छर्रा पडेल तिथेच थांबेल. तिच्याशेजारी आलेख कागद चिकटवा. पट्टी ६ से.मी.च रुंद का? छर्रा पाव वर्तुळ पुरे करील, तेव्हा तो उताराला आडवा धावू लागेल. त्याआधीच तो काचेवरून उतरायला हवा. म्हणून रुंदी त्रिज्येपेक्षा कमी.

काच डावीउजवीकडे कलली नाही ना, हे पाहायला सायकलच्या चाकातली पोलादी गोळी वापरा. ती नाकासमोर सरळ खाली आली पाहिजे. मग वरच्या कडेशी फूटपट्टी उभी धरा, छर्रा तिला टेकवून आडवा ठेवा आणि पट्टी सरळ वर उचला.

इथे माझी फजिती सांगतो. पहिल्या दिवशी मी छर्रे बोटांनी सोडले आणि तासाभरात सगळी डबी तीन ढिगांत वाटून मोकळा झालो. मुलगा शांतपणे म्हणाला, "सर, यातलाच एक पुन्हा सोडून बघू?" सोडला, तर तो दुसऱ्याच ढिगाच्या जागी पडला! माझ्या बोटांचा धक्काच आम्ही मोजत होतो. म्हणून आधी एका छऱ्याच्या पोकळीत शाईचा ठिपका द्या आणि तोच वीस वेळा सोडा. एकाच छऱ्याच्या जागांमधला फरक हा वेगवेगळ्या छऱ्यांमधल्या फरकाहून बराच कमी आला, तरच उपकरणावर विश्वास ठेवा. फूटपट्टीची युक्ती या फजितीतूनच आली.

आणखी एक मेख आहे. समजा, डोके आणि घेर दोन्ही ०.०२ मि.मी.ने मोठे झाले. सूत्रात घालून पाहा: त्रिज्या येते ८०.३ मि.मी., म्हणजे जवळजवळ तेवढीच. आपले उपकरण डोके व घेर यांच्यातला फरक ओळखते. दोन्ही मिळून जाड झाले तर ते गप्प बसते. वजनाचेही तसेच. छर्रा लक्ष्यापर्यंत सुमारे ०.०६ सेकंदात पोचतो आणि तेवढ्यात गुरुत्वाकर्षणाने सुमारे १७ मि.मी. खाली येतो. वजन २ टक्के जास्त आणि मिळालेली ऊर्जा तीच असेल, तर वेग १ टक्का घटतो आणि छर्रा आणखी सुमारे ०.३४ मि.मी. खाली लागतो. पण अर्ध्या ग्रॅमच्या छऱ्याचे २ टक्के म्हणजे १० मिलिग्रॅम. त्यासाठी आम्ही मिलिग्रॅम दाखवणारा प्रयोगशाळेतला तराजू वापरला.

शेवटची परीक्षा मैदानावर. निवडलेले छर्रे आणि बाजूला काढलेले छर्रे मी दोन पुड्यांत बांधले. कुठली पुडी कशाची हे त्या मुलाला सांगितले नाही. चांगले छर्रे हातात आहेत हे ठाऊक असले, की नेमही सुधारतो आणि श्रेय छऱ्याला जाते! प्रशिक्षकांच्या देखरेखीखाली त्याने आलटून पालटून पाच-पाच गोळ्या झाडल्या. फार वळलेल्या छऱ्यांची भोके खरोखर विखुरली होती. मधल्या गर्दीतल्या छऱ्यांत मात्र थोडा डावा, थोडा उजवा असा भेद करून काही हाती लागले नाही. तो अर्धी डबी टाकून द्यायला निघाला होता. टाकावे लागले मोजकेच, तेही सरावाला उपयोगी पडले. वडिलांचे पैसे वाचले याचा आनंद त्याला जास्त झाला.

दोन सूचना. छर्रे शिशाचे असतात आणि शिसे विषारी आहे. ते तोंडात धरू नका, हाताळताना काही खाऊ नका आणि नंतर साबणाने हात धुवा. एअर रायफल हे खेळणे नव्हे. प्रशिक्षक आणि नेमबाजीचे मैदान यांच्याशिवाय तिला हात लावू नका.

बंदूक नसली तरी तुमचा प्रयोग अडत नाही. घरातले फुलपात्र, कागदी पेला, फनेल घ्या. प्रत्येकाची त्रिज्या आधी सूत्राने काढा, मग फरशीवर खडूने वाट आखून मोजा. दोन आकडे जुळले नाहीत, तर पेल्याला दोष देण्याआधी फरशीवर सायकलची गोळी सोडून पाहा.